बिनठप्प्याचं सागवान

"अठून रस्ता हाय," सासरे काठी टेकत म्हणाले.

समोर रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीचं, रान होतं, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं. त्यात रानडुक्कर तरी शिरेल की नाही अशी शंका, रस्ता कुठला!

"विचारा त्यांना," माझी बायको मला म्हणाली, "इथून ट्रक जायचे की ससे?"

सासरे आमच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. कान चांगले शाबूत. तरी मी आपला पोस्टमन झालो आणि म्हणालो, "मामाजी, प्रमिला विचारते, ट्रक इथूनच जायचे ना?"

"तिले म्हना, ट्रकच जात. भरलेले."

"त्यांना म्हणा, मग घाला वाट. आमचं काय, आम्ही येतो मागून."

सासऱ्यांनी कोयता काढला आणि रायमुनियाच्या फांद्या बाजूला सारत आत शिरले. मी बायकोकडे पाहिलं. तिनं पदर खोचला आणि तीही शिरली.

वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा अमरावतीला बांधकाम खात्यात ट्रेसर होतो. आठवडाभर रस्त्यांचे नकाशे गिरवायचे आणि सुट्टीच्या दिवशी नकाशातून गळालेले रस्ते शोधत हिंडायचं, हा माझा छंद. "लोकांचे नवरे गुत्त्यात सापडतात, आमचे पुलाखाली," असं प्रमिला शेजारणींना सांगायची. ती कधी माझ्याबरोबर आली नव्हती. त्या रविवारी आली, कारण सासरे येणार होते.

सासरे म्हणजे सुखदेव ढोमणे. मेळघाटात नाकेदार होते. फॉरेस्ट गार्डला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. डोंगरातलं सागवान तोडून ट्रकनं परतवाड्याला नेत असत, त्या काळातले. त्यांच्या हद्दीत एक झाड चोरून तुटलेलं सापडलं. चौकशी झाली. कोणी तोडलं, कोणाला विकलं, साहेबांनी विचारून विचारून जीव खाल्ला, पण हे तोंड उघडेनात. बडतर्फ केलं. मायलेकी परतवाड्याला खात्याच्या क्वार्टरमध्ये राहत, ते सुटलं. तिथंच, लाकूड कापायच्या आरामशिनींच्या मागे एका चाळीत खोली घेतली. सासूबाई लोकांकडे पापड लाटायला जाऊ लागल्या, आणि प्रमिलेला मास्तरीण व्हायचं होतं ते राहिलं ते राहिलंच. आरामशिनीवरची पोरं तिला रस्त्यानं जाताना "सागवानचोराची पोट्टी" म्हणायची. पुढे सासूबाई गेल्या. त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं टाकलं. काही सांगायचं तर माझ्यामार्फत.

आता ती चाळ पाडणार होते. सासरे सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी म्हणालो, आपल्याकडे आणू. प्रमिलेनं पोळ्या लाटता लाटता उत्तर दिलं, "आणा की. माझी ना नाही. फक्त एक करायचं. ते झाड कोणाला दिलं न् का दिलं, ते त्यांनी माझ्या तोंडावर सांगायचं. सांगितलं की घराचं दार उघडं. नाही सांगितलं तर वृद्धाश्रम शोधा. मी डबा पाठवीन."

मी परतवाड्याला जाऊन सासऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग आश्रम पाहा, जावईबापू."

घ्या! बाप तसा, लेक तशी, आणि मधे माझं भरीत.

मग मला अक्कल सुचली. दोघांना त्या जागेवरच न्यावं. जुना रस्ता पाहायचं माझं निमित्त होतंच. जागेवर गेला की माणूस बोलतो, असा माझा समज. गंमत म्हणजे सासरे लगेच तयार झाले. आणि प्रमिला म्हणाली, "मलाही तो खुंट पाहायचाच आहे. आमचं वाटोळं करणारा दिसतो कसा, बघू तरी." रेंज ऑफिसातून परवानगी काढली आणि जानेवारीतल्या त्या रविवारी पहिल्या एस.टी.नं निघालो.

रायमुनिया ओलांडली आणि खरंच, रस्ता होता! पायाखाली आला की कळतो. डोंगर सगळा तिरपा, आणि त्याच्या कुशीतून एक सपाट पट्टा हळूहळू वर चढत गेलेला. मधोमध बोराटी आणि धावड्याची झाडं उभी राहिलेली, पण खालच्या अंगाला दगडाचा बांध जागच्या जागी. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. एका ओढ्यावर तर मोरी होती, अजून पाणी जाऊ देणारी. मी पोटावर पडून आत डोकावलो.

"उठा," प्रमिला म्हणाली. "आत साळिंदर असलं तर तोंडात काटे घेऊन ऑफिसात जाल."

सासरे फसकन हसले. तिनं वळून पाहिलं तसे गप्प झाले आणि चालू लागले.

पुढे लाकडं भरायचा धक्का लागला. छातीएवढा उंच दगडी ओटा. ट्रक त्याला पाठ लावून उभा करायचा आणि वरून लाकडं आत लोटायची. कडेच्या एका झाडानं जाड साखळी खोडात गिळली होती, दोनच कड्या बाहेर लोंबत होत्या. माझा आनंद गगनात मावेना. टेप काढून मापं घ्यायला लागलो. म्हटलं इथंच शिदोरी सोडू, सावली आहे.

"अठी नको," सासरे म्हणाले.

"का? जागा चांगली आहे की."

"अठी नको म्हटलं ना. पुढं." आणि आमची वाट न बघता निघूनसुद्धा गेले.

"पाहिलंत?" प्रमिला म्हणाली. "कधी कोणाचं ऐकून घेतलं असेल तर शपथ."

शिदोरी शेवटी नाल्याच्या पलीकडे, उन्हात बसून खाल्ली. भाकरी आणि झुणका. प्रमिलेनं तिघांची पानं वाढली. बापाच्या भाकरीवर ठेचा जास्त ठेवला, पण तो माझ्या हातून पोचवला.

तिथून थोडं वर गेल्यावर कूप लागला. एका वर्षी जंगलाचा जेवढा तुकडा तोडायला काढायचे, त्याला कूप म्हणतात. जिकडे पाहावं तिकडे सागाचे जुने खुंट. काही मेलेले, वाळवीनं पोखरलेले. काहींना फुटवे येऊन त्यांचीच मांडीएवढी झाडं झालेली. जे झाड तोडायचं, त्याच्या बुडाशी साल तासून तिथं सरकारी हातोड्यानं ठप्पा मारत. झाड गेलं तरी बुडाचा ठप्पा खुंटावर राहायचा. म्हणजे पुढे साहेब तपासायला आला की ठप्प्याचा खुंट सरकारी आणि बिनठप्प्याचा चोरीचा, एवढा साधा हिशेब. मी दोन-चार खुंटांशी वाकून पाहिलं. अक्षरं पुसली होती, पण तासलेली जागा हाताला लागत होती.

सासरे एका मोठ्या खडकापाशी जाऊन थांबले. खडकाला लागून एक खुंट होता. फुटवा नाही, काही नाही. वरून राखाडी पडलेला, आतून अजून टणक.

"हा," ते म्हणाले.

प्रमिला खाली बसली. बुडाशी साचलेला पालापाचोळा तिनं दोन्ही हातांनी ओढून काढला आणि खुंटाभोवती तळवा फिरवला. पूर्ण फेरी केली. मग उलट्या बाजूनं पुन्हा एक फेरी. तासलेली जागा कुठेच नव्हती.

"म्हणजे खरंच होतं," ती म्हणाली.

मला तिची फार दया आली. इतकी वर्षं बापाला चोर म्हणत होती, पण ठप्पा सापडेल अशी आशा तिनं सोडली नव्हती, हे मला तिथं कळलं.

"कोणाला विकलं?" तिनं विचारलं.

मी सवयीनं वळलो, "मामाजी, प्रमिला विचारते..."

"तुम्ही गप बसा हो!" ती उठून उभी राहिली. हात मातीनं भरलेले. पुढे तिची शाळेतली भाषा सुटली आणि परतवाड्याची बाहेर आली. "बाबा, कोनाले इकलं?"

सासऱ्यांनी कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून बाबा ऐकलं असेल. त्यांनी काठी खडकाला टेकवून ठेवली. "इकलं नाई."

"मंग?"

"देल्लं."

"कोनाले?"

"चल, दाखवतो," ते म्हणाले.

रस्ता वर जाऊन संपला तिथं मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या सावलीत लाकडाचे जाड, चपटे खांब जमिनीत रोवलेले. मला आधी वाटलं, खात्याचे हद्दीचे खांब. जवळ जाऊन पाहतो तर त्यांच्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला. घरातलं माणूस गेलं की कोरकू लोक त्याच्या नावानं असा खांब कोरून रोवतात. मुंडा म्हणतात त्याला. सासऱ्यांनी एका खांबासमोर पायातल्या वहाणा काढल्या.

"ह्याले देल्लं," ते म्हणाले. "हिरालाल बेठेकर. लोडिंगवर मजूर होता माह्याकडं."

प्रमिला त्या खांबाकडे बघत राहिली. सागवानच होतं. ऊनपावसानं काळं पडलेलं, पण घोड्याचे चारही पाय ओळखू येत होते.

"फुकट?"

"फुकट."

"याच्यासाठी?" ती ओरडलीच. "मेलेल्या मानसाच्या खांबासाठी तुमी आमचं जितं घर मोडलं? माय माही लोकाचे पापड लाटत मेली, ते यासाठी? का बरं देल्लं? कोन लागत होता हा तुमचा?"

सासरे वाकून खांबाच्या बुडाशी पडलेली पानं वेचायला लागले.

तेवढ्यात मागून धप्पकन आवाज झाला. एक बाई डोक्यावरची मोळी टाकून आमच्याकडे बघत उभी होती. साठीच्या आतबाहेरची, काटक, कपाळावर गोंदण.

"अरे नाकेदार बाबा! तू अब्बी तक जिंदा है?"

"मेलो नाई अजून, फुलवंती."

"आँख को क्या हुआ?"

"म्हातारा झालो न वं. हे माही पोरगी. हे जवाई." मग आम्हाला म्हणाले, "हिरालालची बायको."

फुलवंतीनं प्रमिलेला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. तिच्या मातीनं भरलेल्या हातांकडे बघितलं, रडवेल्या तोंडाकडे बघितलं, आणि सरळ मनगट धरलं. "चल. घर सामने है. हात धो, चाय पी." प्रमिला कोणाच्या बापाचं ऐकणारी नाही, पण तिच्यामागं मुकाट गेली.

आम्ही दोघं मोहाखाली बसलो. सासऱ्यांनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"मामाजी," मी म्हणालो, "एवढं सांगितलंत, आता राहिलेलंही सांगून टाका तिला. का दिलंत ते. ती हट्टी आहे. नाही सांगितलंत तर ठेवून घेणार नाही."

"तेच तर सांगता येत नाई."

"का?"

त्यांनी वस्तीकडे पाहिलं, बायका दिसत नाहीत याची खात्री केली. "त्याहिच्या घराण्यात असं होतं का, मुंड्याले झाड पायजे ते कोनाचा घाव न लागलेलं. ठप्पा माराचा म्हंजे साल तासनं आलं, हातोडा मारनं आलं. ठप्प्याचं झाड त्याहिले चालत नोतं, बिनठप्प्याचं सरकारले चालत नोतं. फुलवंतीचा दीर आला माह्याकडं इचाराले. मी काय त्याले नाई म्हनू?"

"का नाही? कायदा होता."

"कायदा होता म्हनूनच तर." ते थांबले. "हिरालाल गेला त्या दिवशी ट्रक उशिरा आला. दिवस बुडाल्यावर लाकूड हलवाचं नाई, असा कायदा. ट्रक सकायवर टाकाले पायजे होता. पन मले परतवाड्याले जाचं होतं, अन् त्या ट्रकाशिवाय साधन नोतं. प्रमिलाच्या शाळेत संमेलन. ती नाटकात. बाबा, आलेच पायजे, बाबा, आलेच पायजे, असे निरोपावर निरोप. मी म्हटलं, भरा रे पटापट, दिवस बुडाच्या आंधी नाका ओलांडू, पोरीचं नाटक हाय. अन् हिरालालच समद्याइले हाकलत होता, चला रे, बाबाच्या पोरीचं नाटक हाय. साखळी बांधाच्या आंधीच शेवटचं लाकूड वर घेतलं. घसरलं ते."

"खालच्या धक्क्यावर?"

त्यांनी मान डोलावली. "त्याच ट्रकात टाकून नेला. डोकं माह्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टरनं हात लावला अन् म्हने, संपलं. भाहेर आलो. कुठी जाव, कायी समजे ना. समोर शाळेत लाईट दिसत होते. गेलो. मांगं बसलो."

"मामाजी, तुम्ही नाही मारलं त्याला," एवढंच म्हणालो.

"ते मले तुमी नका सांगू." आवाजात राग नव्हता. "चौकशीत सांगतलं असतं तर हिच्या दिराले जेल झाली असती. मानूस गेला त्याहिचा, अन् जेलबी त्याहिलेच? म्हनून नाई बोललो. अन् प्रमिलाले सांगाव, तर ती इचारन, हिरालाल मेला कसा. आता तिले माह्यावर राग हाय. असू द्या. हे कयलं तर सोतावर घेईन ती. मी ओयखतो तिले."

"अहो, पण मग तुम्ही राहणार कुठे?"

"आश्रमात काय वाईट असते? येळेवर जेवाले देतात." त्यांनी माझा हात धरला. "जावईबापू, तिले कयता कामा नये. माही शपथ हाय तुमाले."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होतो?

प्रमिला आली ती हात धुवून, तोंड धुवून. फुलवंती तिला मोहापर्यंत सोडायला आली. प्रमिलेनं वहाणा काढून त्या खांबाला हात लावला, नमस्कार केला आणि म्हणाली, "चला, एस.टी. चुकेल." आम्ही उतरायला लागलो. धक्क्यापाशी मी मुद्दाम टेप काढला नाही. प्रमिला मात्र तिथं क्षणभर थांबली, मग भराभर पुढे गेली. मी मनात आश्रमांची नावं आठवायला लागलो होतो. अमरावतीला एक बरा होता, बडनेऱ्याच्या वाटेवर.

एस.टी.त सासऱ्यांना पुढे खिडकीची जागा मिळाली. घाटाची पहिली वळणं संपायच्या आत ते झोपले. आम्ही दोन सीट मागे.

"दहावीला होते तेव्हा संमेलनात मी सावित्री झाले होते," प्रमिला खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मी पुढे झोपलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. "माहीत आहे. सांगितलंयस."

"यमाच्या मागं मागं जाऊन नवऱ्याला परत आणते, तो प्रवेश. सगळ्यात मागच्या रांगेत बाबा बसले होते. टोपी तोंडावर धरून रडत होते, हमसून हमसून. पडदा पडल्यावर मी सगळ्या पोरींना सांगितलं, बघा गं, माझं काम बघून माझे बाबा रडले. आईला सांगितलं. बाईंना सांगितलं. तुम्हाला सांगितलं लग्न झाल्यावर."

सांगितलं होतं. बापाबद्दलची चांगली म्हणावी अशी तिच्याजवळ ती एकच गोष्ट होती.

"फुलवंती काही मुद्दाम नाही बोलली हो," ती म्हणाली. "चहा गाळत होती. मला म्हणाली, वो इस्कूल के नाटकवाली लडकी तूच क्या? मी म्हटलं, हो. तुला कसं माहीत? मग तिनं सांगितलं. वरून मलाच म्हणते, नाटक अच्छा हुआ था क्या?"

तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिचा हात धरून बसलो. कंडक्टर येऊन तिकिटं विचारून गेला.

परतवाडा जवळ आलं तेव्हा तिनं डोळे कोरडे केले. "बाबांना सांगायचं नाही मला कळलं ते. त्यांनी एवढी वर्षं माझ्यापासून झाकून ठेवलं, आता या वयात त्यांना कशाला... नाही सांगायचं. माझी शपथ आहे तुम्हाला."

म्हणजे दोन्हीकडून बांधला गेलो. मी म्हटलं, बरं.

स्टँडवरून आम्ही थेट अमरावतीची गाडी धरायची, असं ठरलं होतं. प्रमिला तसं न करता चाळीच्या बाजूला वळली. सासऱ्यांनी कुलूप उघडलं तशी ती आत गेली, खाटेखालची ट्रंक ओढली आणि दोरीवरचे धोतर-सदरे काढून त्यात भरायला लागली.

सासरे उंबऱ्यात उभे. "हे काय चालवलं?"

"दिसत नाही? सामान भरते. तुमी अमरावतीले चालले."

"मी सांगतलं नाई अजून. काऊन देल्लं ते."

"नका सांगू."

"तुही अट होती."

"होती. आता नाही. ही बंडी धुतली नाही वाटतं महिनाभर."

ते काठी टेकत आत आले. पोरीच्या तोंडाकडे एका डोळ्यानं पाहात राहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही बोललो नाही म्हणून. ते खरंही होतं.

"नाई," ते म्हणाले. "घरात घेतेस तर सांगूनच येतो. चोरून नाई येत. प्रमिला, तुह्या संमेलनाच्या दिवशी..."

"संमेलनाच्या दिवशी माझं नाटक पाहून तुमी रडले," प्रमिला त्यांना तोडत म्हणाली. ट्रंकेवरून तिनं मान वर केली नाही. "मले माहीत आहे. साऱ्या शाळेले माहीत आहे. बसा आता. चहा मांडते."

सासरे खाटेवर बसले.